टांगत्या कुंडीतून आभाळ दिसते का?

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आटोपून गणपतीच्या वर टांगलेली फळांची माटोळी उतरवली, की गोव्यातल्या घरांत छताच्या कड्या वर्षभर रिकाम्या राहतात. जिथे नारळ, सुपारीचे घड, तोरंजन आणि रानफळे लोंबत होती, तिथे मनीप्लांटची एखादी कुंडी टांगावी असे मनात येणे साहजिक आहे, आणि आम्हीही तेच केले. पाणी वेळेवर होते, खतही होते. तरी तीन-चार महिन्यांत वेलीच्या दोन पानांमधले अंतर दुपटीने वाढले, नवी पाने लहान निघू लागली आणि त्यांवरचे पिवळे पट्टे पुसट होत गेले. वेलीला उजेड पुरत नव्हता.

उजेडाच्या बाबतीत आपला डोळा आपल्याला फसवतो. भर दुपारी अंगणात सुमारे 1,00,000 लक्स प्रकाश असतो, तर खिडकीपासून तीन-चार मीटर आत पुष्कळदा 100 ते 200 लक्सही मिळत नाहीत. बाहुली रुंदावते आणि नेत्रपटल जुळवून घेते, त्यामुळे हा शेकडोपटींचा फरक आपल्याला जाणवत नाही. वनस्पतीला मात्र त्याचा चोख हिशेब ठेवावा लागतो. प्रकाशसंश्लेषणातून तयार होणारी साखर श्वसनात खर्च होणाऱ्या साखरेला पुरेनाशी झाली, की ती साठवणीवर जगू लागते आणि उजेडाच्या दिशेने पेरे लांबवते. त्यातच पावसाच्या माऱ्यापासून भिंती वाचाव्यात म्हणून आपल्याकडे कौलांचे पाखे खिडकीपुढे चांगले खाली उतरलेले असतात. म्हणून एक साधी चाचणी करावी: स्टुलावर चढून डोळे कुंडीच्या उंचीवर न्यावेत आणि बाहेर पाहावे. आभाळाचा तुकडा दिसला तर जागा योग्य. नुसते वासे आणि अंगणातली जमीन दिसली तर नाही. छताजवळून आभाळ बहुधा दिसतच नाही. दोरी हातभर लांबवून कुंडी खिडकीच्या मध्यापर्यंत खाली आणली, तर खताने पडणार नाही एवढा फरक पडतो. जुन्या घरांतल्या शिंपल्यांच्या तावदानांतून येणारा उजेड सुंदर असला तरी कमीच असतो, तेव्हा ती कवाडे दिवसा उघडी ठेवावीत.

मनीप्लांट मूळचा प्रशांत महासागरातील मोऑरेआ बेटाचा. तो झाडावर चढतो तेव्हा त्याची पाने मोठी होत जातात आणि खाली लोंबतो तेव्हा लहान होतात, त्यामुळे टांगलेल्या वेलीकडून सुपाएवढ्या पानांची अपेक्षा करू नये. तो आळूच्याच कुळातला असून त्याच्या पानांतही कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. घरात रांगते मूल किंवा मांजर असेल, तर वेलीचे शेंडे त्यांच्या तोंडाला लागणार नाहीत असे छाटावेत. नवशिक्याला मी स्पायडर प्लांट सुचवीन. पावसाळ्यात कोकणात भाजीला येणाऱ्या फोडशीच्या प्रजातीतले हे झाड जाड मुळांत पाणी साठवते, म्हणून चार दिवस विसर पडला तरी ते निभावून नेते. नेचे तर आपल्याकडे चिऱ्यांच्या भिंतींवर आपोआप उगवतात, मात्र वातानुकूलित खोलीतल्या कोरड्या हवेत त्यांची टोके करपतात.

ही झाडे घरातली हवा शुद्ध करतात, या समजाचा उगम नासाच्या 1989 सालच्या प्रयोगांत आहे. ते प्रयोग लहान, हवाबंद पेट्यांत झाले होते. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार, साध्या वायुवीजनाची बरोबरी करण्यासाठी दर चौरस मीटरला 10 ते 1,000 झाडे लागतील. झाड आवडते म्हणून लावावे. हवेसाठी खिडकी उघडावी.

गोव्यात टांगती झाडे पाण्यावाचून क्वचितच मरतात. जून ते सप्टेंबर या काळात हवाच इतकी दमट असते की ती पाण्याने मरतात. भांडी घासण्याचा लांबट स्पंज पूर्ण भिजवून आडवा धरावा आणि ठिबकणे थांबल्यावर तो उभा करावा. आणखी पाणी गळते. स्पंज तोच, फक्त त्याची उंची वाढली. कुंडीतही हेच घडते: तळाचा थर केशाकर्षणाने चिंबच राहतो, आणि टांगती कुंडी उथळ असल्यामुळे तिचा बराचसा भाग त्या थरातच मोडतो. तळाशी खडे घातल्याने पाणी निघून जात नाही, उलट चिंब थर मुळांच्या दिशेने वर सरकतो. पाण्यातून प्राणवायू हवेपेक्षा सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरत असल्याने तिथली मुळे गुदमरून कुजतात. यावर स्वस्त उपाय नारळाच्या सोडणाचा आहे: बोटाच्या पेराएवढे तुकडे करून, क्षार निघून जाण्यासाठी दोन-तीनदा भिजवून व धुऊन ते मातीत सढळ हाताने मिसळावेत. पाणी वारानुसार न घालता कुंडी तळहातावर तोलून पाहावी आणि हलकी लागली तरच घालावे.

खाली बशी असेल, तर ती आठवड्यातून किमान एकदा कोरडी करून घासावी, कारण डेंग्यू पसरवणाऱ्या एडीस डासाला अंड्यापासून पूर्ण वाढीपर्यंत साधारण सात ते दहा दिवस पुरतात. कडीही तपासावी. एक लीटर पाण्याचे वजन एक किलो असते आणि किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत साधे लोखंड लवकर गंजते, तेव्हा माटोळीचा भार चार दिवस पेलणाऱ्या कडीवर ओली कुंडी बारा महिने टांगायची असेल, तर ती स्टेनलेस स्टीलची बसवून घ्यावी.