रूट कॅनलनंतरही पुळी येते? मुळाच्या टोकाकडून भरणीविषयी थोडं

रूट कॅनल होऊन वर कॅप बसलेली असते. दात फारसा दुखतही नाही. पण हिरडीवर बारीक पुळी येते, फुटते आणि महिन्याभराने तिथेच पुन्हा उगवते. एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाशी काळा डाग दिसतो. गोळ्यांनी पुळी बसते, आतला संसर्ग तसाच राहतो.

जुनं रूट कॅनल उकलून पुन्हा करता येईल का, हे आम्ही आधी बघतो. येत असेल तर तेच करावं. आत पोस्ट (कॅपला आधार देणारी खुंटी) घट्ट बसली असेल किंवा फाइलचा (नळी साफ करायच्या बारीक सुईसारख्या हत्याराचा) तुकडा अडकला असेल, तर हिरडी उघडून मुळाच्या टोकाकडून जावं लागतं. मूळच उभं तडकलं असेल, तर या ऑपरेशनचा उपयोग नाही.

भूल देऊन मुळाचं टोक साधारण 3 मिलिमीटर कापतो. मुळातल्या नळीचे बारीक फाटे बहुतेक तेवढ्याच भागात असतात. मग अल्ट्रासॉनिक टिपने (सूक्ष्म कंपनांनी कोरणाऱ्या बारीक टोकाने) मुळाच्या रेषेत 3 मिलिमीटर खोल खळगा करून तो भरतो. पूर्वी हे बरने (दात कोरायच्या फिरत्या ड्रिलने) व्हायचं. अरुंद जागेत बर सरळ शिरत नाही, म्हणून मूळ 45 अंशांत तिरकं कापायचे आणि फाटे मागे राहून जायचे. 2010 मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा जुन्या पद्धतीचं यश 59 टक्के आणि सूक्ष्मदर्शकाखालच्या पद्धतीचं 94 टक्के निघालं.

भरायचं काय?

पूर्वी चांदी (म्हणजे अमालगम, पारा मिसळलेला मिश्रधातू) भरत. तिने हिरडीवर निळसर-काळा डाग पडू शकतो. आम्ही ती वापरत नाही. लवंग तेलातल्या युजेनॉलचं झिंक ऑक्साइड सिमेंट स्वस्त आहे आणि वाईटही नाही.

आम्ही बहुतेकदा एमटीए (मिनरल ट्रायॉक्साइड अ‍ॅग्रिगेट) हे सिमेंट वापरतो. कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद यांनी ते 1993 च्या सुमारास पुढे आणलं. मूळ घटक पोर्टलंड सिमेंटचेच, शिवाय एक्स-रेत दिसावं म्हणून बिस्मथ ऑक्साइड. (नाही, बांधकामाचं सिमेंट चालत नाही, हा प्रश्न आम्हाला खरंच विचारला गेलाय.) ओलाव्यातच ते घट्ट होतं, ही त्याची खुबी. पण हाताला हट्टी: कालवलं की ओल्या वाळूसारखं, जरा कोरडं झालं की भुगा, जरा पाणी जास्त की ओघळ. पक्कं व्हायला पावणेतीन तास लागतात, त्यामुळे जखम आधीच धुऊन घ्यायची. नंतर धुतली तर भरणी वाहून जाते. बायोडेंटीन हे त्याच जातीचं दुसरं सिमेंट 12 मिनिटांत घट्ट होतं. तयार बायोसिरॅमिक पुट्टी हाताळायला सगळ्यात सोपी, पण महाग. महागड्या नावाचा आग्रह धरू नका. टोक नीट कापलं आणि खळगा नीट झाला, तर या तिन्हींत फार फरक पडत नाही.

तुमच्याकडून

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा, स्वतःहून बंद करू नका. मधुमेह असेल तर ताजा रिपोर्ट आणा. तंबाखू, मिश्री बंद. पहिल्या दिवशी गालावर बाहेरून बर्फ. आणि आरशासमोर ओठ उचलून टाके बघू नका. टाके सुटतात ते बहुतेकदा यानेच.

टाके आठवड्याच्या आत काढतो. एक्स-रे सहा महिन्यांनी आणि वर्षाने. हाड सावकाश भरतं, त्यामुळे पहिल्या एक्स-रेत डाग थोडा उरला तर घाबरू नका. पुळी परत आली तर मात्र तारखेची वाट न बघता या.