आफ्रिकेत बायकांनी नाटकं लिहिलीच नाहीत?

"आफ्रिकेत बायकांनी नाटकं लिहिलीच नाहीत, तिथे फक्त तोंडी गोष्टी" असं कायम फिरत असतं. ती पुस्तकं आपल्याकडे सहज दिसत नाहीत, त्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे. पण घानाच्या एफुआ सदरलँड बघा, जन्म १९२४, आधी शिक्षिका, १९६१ला राजधानी अक्रात नाटकांसाठी स्टुडिओ उभा केला आणि त्याच तोंडी गोष्टींचं नाटक केलं! अनान्से नावाच्या चलाख कोळ्याच्या (आठ पायांचा, जाळं विणतो तो) गोष्टी रंगात आल्या की ऐकणारे मध्येच गाणं सुरू करतात, त्याला म्बोगुओ म्हणतात, ते त्यांनी थेट स्टेजवर आणलं, किती सुंदर कल्पना आहे ही! चेक करायचं तर मोठ्या लायब्ररीच्या ऑनलाइन कॅटलॉगमध्ये त्यांचं नाव टाका आणि छापल्याचं साल बघा, 'एडुफा' १९६७, 'द मॅरेज ऑफ अनान्सेवा' १९७५. घानाच्याच आमा आटा आयडू यांचं पहिलं नाटक तर १९६४ला स्टेजवर आलं, ऐन विशीत.