वन-हिट वंडर

ज्या गायकाचे किंवा बँडचे एखादेच गाणे विक्रीच्या आणि रेडिओ प्रसारणाच्या क्रमवारीत अगदी वर पोहोचते आणि त्यापाठोपाठ आलेले गाणे सपशेल पडते, अशा कलावंतासाठी पाश्चात्त्य पॉप संगीताच्या व्यवसायात रूढ असलेली संज्ञा. पहिले गाणे कितीही गाजले, तरी हा शिक्का बसतो तो दुसऱ्या सिंगलचा, म्हणजे स्वतंत्रपणे विकल्या जाणाऱ्या गाण्याचा, निकाल लागल्यानंतरच. त्यामुळे या प्रकाराचा विचार करताना यशाइतकेच त्यानंतरच्या अपयशाचे स्वरूपही तपासावे लागते.

असा शिक्का बसण्यासाठी आधी मोजदाद असावी लागते. ब्रिटनमध्ये ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’ या नियतकालिकाने १४ नोव्हेंबर १९५२ रोजी विक्रीवर आधारलेली क्रमवारी छापण्यास सुरुवात केली, तर अमेरिकेत ‘बिलबोर्ड’ या संगीतविषयक नियतकालिकाची ‘हॉट १००’ ही यादी ४ ऑगस्ट १९५८ पासून प्रसिद्ध होऊ लागली. याच सुमारास मिनिटाला ४५ फेरे घेणारी सात इंची तबकडी, म्हणजेच सिंगल, हे तरुण ग्राहकाच्या खिशाला परवडणारे विक्रीचे मुख्य साधन बनले. तबकडीच्या एका बाजूला कंपनीला खपवायचे असलेले गाणे असे आणि दुसऱ्या बाजूला बहुधा भरतीचे. एखादे सिंगल गाजले की त्याची चर्चा विरण्याआधी पुढचे बाजारात आणायचे, हा कंपन्यांचा शिरस्ता होता. घाईघाईने केलेल्या अनेक दुसऱ्या गाण्यांच्या अपयशाचे मूळ या शिरस्त्यात आहे.

या प्रकाराचे सर्वांत निखळ उदाहरण म्हणून अमेरिकेतील नेब्रास्का राज्यातील झेगर अँड इव्हान्स या जोडीकडे बोट दाखवले जाते. मानवजातीच्या भवितव्याचे भयसूचक चित्र रंगवणारे त्यांचे ‘इन द इयर २५२५’ हे गाणे आधी स्थानिक पातळीवर प्रसिद्ध झाले, मग आरसीए कंपनीने ते उचलले आणि १९६९ च्या जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे माणूस चंद्रावर उतरला त्याच उन्हाळ्यात, ते अमेरिकेत सलग सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. ब्रिटनमध्येही ते अव्वल ठरले. त्यानंतरचे ‘मिस्टर टर्नकी’ मात्र ‘हॉट १००’मध्ये शिरकावदेखील करू शकले नाही, आणि दोन्ही देशांच्या मुख्य याद्यांत या जोडीचे नाव पुन्हा कधी दिसले नाही.

दुसरे सिंगल पडण्याची कारणे अनेक असली, तरी सर्वांत ठळक कारण अनुकरणाचे आहे, आणि तेही स्वतःच स्वतःच्या केलेल्या. बॉबी पिकेटचे ‘मॉन्स्टर मॅश’ हे भुताखेतांचे विनोदी गाणे १९६२ च्या हॅलोविनच्या सुमारास पहिल्या क्रमांकावर गेले. लगेच त्याच भुतांना नाताळच्या वेषात ‘मॉन्स्टर्स हॉलिडे’मधून उतरवण्यात आले आणि त्याची झेप तिसाव्या क्रमांकापर्यंतच गेली. रेडिओ निवेदक रिक डीस यांच्या ‘डिस्को डक’ने १९७६ मध्ये अव्वल स्थान मिळवले, पुढच्या गाण्यात बदकाच्या जागी गोरिला आला आणि श्रोत्यांनी पाठ फिरवली. स्पेनमधील लोस देल रियो या मध्यमवयीन जोडीची ‘माकारेना’ १९९६ मध्ये अमेरिकेत १४ आठवडे अव्वल होती, परंतु तिची नाताळ आवृत्ती पहिल्या पन्नासातही आली नाही. थट्टेचे गाणे लोक एकदाच विकत घेतात, हा साधा हिशेब कंपन्यांना दर पिढीत नव्याने समजावा लागला, असे या उदाहरणांवरून दिसते.

कार्ल डग्लस या जमैकात जन्मलेल्या गायकाचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे आणि त्याचा भारताशी थेट संबंध आहे. लंडनमध्ये स्थायिक झालेले, मूळचे बंगळूरचे आणि तेथून मुंबईमार्गे विलायतेला गेलेले संगीतकार-निर्माते बिद्दू यांनी १९७४ मध्ये डग्लसला ‘आय वॉन्ट टू गिव्ह यू माय एव्हरीथिंग’ हे गाणे गाण्यासाठी बोलावले. तीन तासांच्या ध्वनिमुद्रणातील बहुतेक वेळ या मुख्य गाण्यातच गेला. दुसऱ्या बाजूसाठी काहीतरी हवे म्हणून डग्लसने स्वतः लिहिलेले काही शब्द दाखवले, त्यांतून बिद्दूंनी ‘कुंग फू फायटिंग’ निवडले, चाल बांधली आणि उरलेल्या जेमतेम दहा मिनिटांत ते उरकले. पाय रेकॉर्ड्‌स या ध्वनिमुद्रिका कंपनीच्या अधिकाऱ्याने ऐकल्यावर बाजूंची अदलाबदल करण्याचा आग्रह धरला. ब्रूस ली याच्या १९७३ मधील मृत्यूनंतर कुंग फू चित्रपटांची लाट ऐन भरात होती आणि गाणे त्या लाटेवर स्वार होऊन ब्रिटन व अमेरिका या दोन्ही देशांत पहिल्या क्रमांकावर गेले. पुढचे सिंगल ‘डान्स द कुंग फू’ हे नावापासूनच आधीच्या गाण्याची सावली होते. ते ब्रिटनमध्ये ३५ व्या आणि अमेरिकेत ४८ व्या क्रमांकावर अडकले. डग्लसचा आवाज ब्रिटनच्या पहिल्या दहांत परतला तो १९९८ मध्ये, बस स्टॉप या नृत्यसंगीताच्या गटाबरोबर, आणि तोही याच गाण्याच्या नव्या आवृत्तीतून.

गाण्याला वर नेणारी शक्ती गाण्याबाहेरची असली, तर दुसऱ्या वेळी ती हाताशी नसते. चित्रपट, दूरचित्रवाणी मालिका आणि विशेषतः जाहिरात यांमुळे गाजलेल्या गाण्यांबाबत हे वारंवार घडले. बॅबिलॉन झू या बँडचे ‘स्पेसमॅन’ हे त्याचे बोलके उदाहरण होय. भारतीय वंशाचा गायक जॅस मान याच्या या गाण्यातील वेग वाढवलेल्या, चिरक्या आवाजातील तुकडा लीवाइज जीन्सच्या जाहिरातीत वापरला गेला. जानेवारी १९९६ मध्ये सिंगल दुकानांत येताच पहिल्या आठवड्यात त्याच्या सुमारे ४,१८,००० प्रती खपल्या आणि पाच आठवडे ते ब्रिटनमध्ये अव्वल राहिले. तथापि जाहिरातीतला तो तुकडा गाण्याच्या केवळ सुरुवातीला आणि शेवटी येतो. मधला सारा भाग संथ आणि जड गिटारचा आहे. नाचायला लावणाऱ्या गाण्याच्या अपेक्षेने तबकडी घेणाऱ्यांपैकी अनेकांची निराशा झाली असणार, हे उघड आहे. पुढचे ‘ॲनिमल आर्मी’ १७ व्या क्रमांकापर्यंत गेले, त्यानंतरचे ३२ व्या. एखाद्या नवख्या बँडला १७ वा क्रमांक भूषणावह वाटला असता. येथे त्याची गणना पराभवात झाली.

अपयश हे असे सापेक्ष असल्याने ही संज्ञा अनेकदा अन्यायकारक ठरते. गायक पॅट बून यांची कन्या डेबी बून हिचे ‘यू लाइट अप माय लाइफ’ १९७७ मध्ये दहा आठवडे ‘हॉट १००’च्या शिखरावर राहिले, तोवर त्या यादीत कोणतेही गाणे इतके टिकले नव्हते, पुढचे ‘कॅलिफोर्निया’ ५० व्या क्रमांकावरच थांबले. पॉपच्या यादीतून तिचे नाव पुसले गेले खरे, पण १९८० मध्ये कंट्री संगीताच्या यादीत तिने पहिला क्रमांक मिळवला. देशागणिकही निकाल बदलतो. इंग्लंडच्या डेक्सीज मिडनाइट रनर्सचे ‘कम ऑन आयलीन’ १९८३ मध्ये अमेरिकेत अव्वल ठरले आणि नंतरचे सिंगल तेथे ८६ व्या क्रमांकावर आपटले, म्हणून अमेरिकी श्रोता त्यांना एका गाण्याचे धनी मानतो. मायदेशी मात्र त्यांचे ‘जीनो’ १९८० मध्येच पहिल्या क्रमांकावर जाऊन आले होते. नेना या जर्मन बँडचे नावही इंग्रजीभाषक देशांत ‘९९ रेड बलून्स’ या एकाच गाण्याशी निगडित आहे, जर्मनीत तशी स्थिती नाही.

कधी कलावंत विस्मृतीत जातो आणि गाणे मात्र नवे गायक शोधत राहते. नॉर्मन ग्रीनबॉमचे ‘स्पिरिट इन द स्काय’ १९७० मध्ये ब्रिटनमध्ये अव्वल होते. तेच गाणे १९८६ मध्ये डॉक्टर अँड द मेडिक्सने आणि २००३ मध्ये गॅरेथ गेट्सने पुन्हा त्याच स्थानी नेले.

आंतरजालामुळे मोजदादीची पद्धत बदलली. फेब्रुवारी २०१३ मध्ये ‘बिलबोर्ड’ने यूट्यूबवरील प्रेक्षणे हिशेबात धरली आणि लगेच बाउअर या निर्मात्याचे ‘हार्लेम शेक’ थेट पहिल्या क्रमांकावर अवतरले. ते आदल्या वर्षीच प्रकाशित झाले होते. त्याला शिखरावर नेले ते लोकांनी स्वतः चित्रित करून टाकलेल्या अर्ध्या मिनिटाच्या नाचांनी, आणि पुढच्या गाण्यासाठी तशी लाट ठरवून उठवणे कोणाच्याच हाती नव्हते.

भारतात हा प्रकार याच स्वरूपात रुजला नाही. येथे लोकप्रियता मोजली गेली ती प्रामुख्याने चित्रपटगीतांची. १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवरून सुरू झालेली ‘बिनाका गीतमाला’ हे तिचे सर्वपरिचित माप होते. पार्श्वगायकाचे पुढचे गाणे दुसऱ्या चित्रपटात, दुसऱ्या संगीतकाराकडे आणि बहुधा दुसऱ्या नटीच्या तोंडी असल्याने ‘पाठोपाठचे सिंगल’ अशी गोष्टच नव्हती. चित्रपटबाह्य संगीत खपले तेही मुख्यतः संपूर्ण कॅसेटच्या रूपात. उल्लेखनीय असे की, डग्लसची वाटचाल ज्या गाण्यापाशी अडली, त्याचे निर्माते बिद्दू मात्र पुढे जात राहिले. टीना चार्ल्सच्या ‘आय लव्ह टू लव्ह’ला त्यांनी १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये अव्वल स्थान मिळवून दिले, १९८० मध्ये ‘कुर्बानी’ चित्रपटासाठी नाझिया हसनकडून ‘आप जैसा कोई’ गाऊन घेतले आणि १९९५ मध्ये अलिशा चिनॉयच्या ‘मेड इन इंडिया’ला संगीत दिले.