यादीतला सातवा कोण?

फोंड्याला आमच्या वाड्यावर सकाळी साडेसहाच्या सुमारास पाव विकणाऱ्या पदेराचा भोंगा वाजतो. त्या दिवशी त्याच्याही आधी माझा फोन वाजला. शेजारचे भाई होते. "म्हज्या कंप्युटरांत कोण तरी रिगला रे," म्हणजे कोणीतरी घुसला, एवढे म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

भाई निवृत्त रोखपाल. आयुष्यभर नोटा मोजल्या, त्यामुळे हिशोब जुळला नाही की त्यांना झोप येत नाही. घरातल्या वाय-फायवर काय काय चालते याचीही त्यांनी वही केली आहे: संगणक, टीव्ही, स्वतःचा फोन, वहिनींचा फोन. आदल्या रात्री कुठलासा व्हिडिओ पाहून त्यांनी विंडोजच्या काळ्या खिडकीत 'एआरपी -ए' ही आज्ञा दिली आणि पडद्यावर आलेली यादी वीजबिलाच्या पाठीवर उतरवून घेतली. मी पोचलो तेव्हा ते बिल माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "चार वस्तू आहेत माझ्या घरात. ही सात नावे कोणाची?"

यादी अशी होती. डावीकडे १९२.१६८.१.१, मग १९२.१६८.१.७, मग शेवटी २५५ असलेला एक पत्ता, मग २२४.०.०.२२, २२४.०.०.२५१, २३९.२५५.२५५.२५० आणि अगदी खाली चारही ठिकाणी २५५. प्रत्येकासमोर उजवीकडे दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्या. भाईंचे सगळे लक्ष डावीकडे होते. बहुतेकांचे तसेच होते. पण ओळख पटवायची असेल तर उजवीकडे बघावे, आणि त्यातही पहिल्या जोडीतल्या दुसऱ्या अक्षराकडे. एका अक्षरात एवढे काय असणार, असे वाटेल. पण मला ते अक्षर फार आवडते, म्हणून आज त्याचीच गोष्ट.

डावीकडचे आधी उरकतो. जाळ्यात यंत्राला मिळणारा असा आयपी पत्ता ३२ बिटांचा (बिट म्हणजे एक ० किंवा १), म्हणजे एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते. जगाला ते पुरणार नाहीत हे लवकरच लक्षात आले, म्हणून १९९६ साली काही पत्ते घरगुती वापरासाठी राखून ठेवण्यात आले: १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ मधले आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. हे गोव्यातल्या देऊळवाड्यासारखे आहे. देऊळवाडा गावोगाव असतो. गावात नुसते "देऊळवाड्यावर" म्हटले की पुरते, पण पोस्टाच्या पाकिटावर गावाचे नाव नसेल तर पत्र कुठेच पोचणार नाही. भाईंकडे १९२.१६८.१.१ आहे, माझ्याकडेही आहे आणि बहुधा तुमच्याकडेही असेल. तो तुमचा राउटर. त्यामुळे १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर तो घराच्या आतलाच, रशियातला नव्हे. १६९.२५४ ने सुरू होणारा दिसला तर त्या यंत्राला राउटरकडून पत्ता मिळाला नाही, म्हणून त्याने स्वतःच एक घेऊन टाकला. पावसात वीज जाऊन आली आणि राउटरआधी संगणक जागा झाला की हे बघायला मिळते. आणि १२७.०.०.१ म्हणजे संगणक स्वतःशीच बोलतो आहे.

आता उजवीकडची बाजू. तारेतून किंवा हवेतून माहितीचे पाकीट प्रत्यक्ष नेताना आयपी पत्ता कामाचा नसतो, तिथे यंत्राचा पत्ता लागतो. तो ४८ बिटांचा. कुठल्या आयपीवर कोणते यंत्र बसले आहे हे कळणार कसे? ओरडून. खरेच ओरडून. डेव्हिड प्लमर यांनी १९८२ साली लिहून ठेवलेली ही पद्धत आजही जशीच्या तशी चालते. संगणक सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक देतो: "१९२.१६८.१.७ कोणाकडे आहे? १९२.१६८.१.५ ला सांगा." ज्याचा असेल तो आपला यंत्र-पत्ता कळवतो, बाकीचे गप्प बसतात. नवखा माणूस वाड्यावर येऊन "अमक्याचे घर खंय?" असे मोठ्याने विचारतो, तसेच. मिळालेले उत्तर संगणक थोडा वेळ लक्षात ठेवतो. भाईंनी उतरवली ती हीच आठवण. म्हणून तिच्यात फक्त संगणकाचा ज्यांच्याशी संबंध आला तेवढेच दिसतात. वहीतला टीव्ही यादीत नव्हता तो त्यामुळेच. घरातले सगळेच हवे असतील तर राउटरच्या पानावरची यादी बघावी लागते.

४८ बिटांपैकी पहिले २४ म्हणजे बनवणाऱ्याची खूण. आयईईई ही अभियंत्यांची संस्था ते कंपन्यांना नेमून देते. उरलेल्या २४ बिटांत कंपनी आपल्या १,६७,७७,२१६ वस्तूंना क्रमांक देऊ शकते. पहिल्या तीन जोड्या शोधयंत्रात टाकल्या की कंपनीचे नाव मिळते. फक्त हे नाव बहुधा आतल्या वाय-फाय भागाच्या कंपनीचे असते, डब्यावरचे नसते. घरात 'एस्प्रेसिफ' नावाचे कोणी सापडले तर घाबरू नका, तो तुमचा मोबाईलवरून लागणारा बल्ब किंवा प्लग असेल. त्यांची चिप शांघायच्या या कंपनीची असते.

आता ते अक्षर. हे आकडे सोळाच्या पायावर लिहितात: ० ते ९ आणि पुढे ए ते एफ. एक अक्षर म्हणजे चार बिट. पहिल्या जोडीतल्या दुसऱ्या अक्षराचे शेवटचे दोन बिट वेगळ्या कामाला ठेवलेले आहेत. अगदी शेवटचा ० असेल तर पत्ता एका यंत्राचा, १ असेल तर एका गटाचा. त्याच्या अलीकडचा ० असेल तर पत्ता कंपनीने दिलेला, १ असेल तर यंत्राने स्वतःच ठेवलेला.

भाईंची यादी या दोन बिटांनी चाळून बघू. २२४ आणि २३९ वाल्या तिन्ही ओळींसमोर पहिली जोडी ०१ होती. १ चे चार बिट ०००१, शेवटचा १. म्हणजे गट. इथे कोणी राहतच नाही; "छपाईयंत्र कोण आहे, टीव्ही कोण आहे" असे विचारण्यासारख्या कामांसाठी ठरवलेल्या या सामाईक हाका. (२३९.२५५.२५५.२५० समोरच्या शेवटच्या तीन जोड्या ७एफ, एफएफ, एफए. आयपीच्या शेवटच्या २३ बिटांची ती नक्कल. पहिला २५५ तिथे एफएफ न होता ७एफ होतो, कारण त्याचा वरचा एक बिट गाळतात. हे मी भाईंना सांगत होतो तेव्हा ते चहा आणायला आत गेले.) ज्या दोन ओळी २५५ ने संपत होत्या त्यांच्यासमोर सगळीकडे एफ, म्हणजे सगळे बिट १, म्हणजे घरातल्या सगळ्यांना. सातापैकी पाच असे बिनमाणसाचे निघाले. राउटरच्या ओळीवर कंपनीचे नाव सरळ मिळाले. राहिला १९२.१६८.१.७. त्याची पहिली जोडी ५ए.

ए म्हणजे १०, बिटांत १०१०. शेवटचा ०, म्हणजे एकच यंत्र. अलीकडचा १, म्हणजे पत्ता स्वतः ठेवलेला. दुसरे अक्षर २, ६, ए किंवा ई असले की असेच समजायचे, आणि घरगुती वाय-फायवर असा पत्ता जवळजवळ नेहमी फोनचा असतो. पूर्वी फोनचा पत्ता जन्मभर एकच असे, त्यामुळे दुकानातले यंत्र तेवढ्यावरून "हा गिऱ्हाईक परवाही आला होता" हे ओळखू शके. म्हणून २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वाय-फायसाठी वेगळा, मनाने बनवलेला पत्ता वापरू लागले. दोन बिट ठरलेले, उरलेले ४६ मोकळे. म्हणजे सुमारे ७० लाख कोटी शक्यता. अशा पत्त्यावर कंपनी शोधली तर काहीच मिळत नाही. भाईंनी रात्री नेमके तेच केले होते, आणि "नोंद नाही" हे उत्तर वाचून त्यांची खात्री पटली होती की माणूस चोरच.

रात्री त्यांनी आणखीही एक उपद्व्याप केला होता. संगणकाच्या बाहेरच्या जोडण्यांमधला एक पत्ता कुठल्याशा पानावर शोधला, तर उत्तर आले ब्रिस्बेन, ऑस्ट्रेलिया. ब्रिस्बेनला एपनिकचे कार्यालय आहे. आशिया-प्रशांत भागातले पत्ते वाटून देणारी ही संस्था. काही पाने पुढचा शोध न घेता तिच्यापाशीच थांबतात आणि अर्ध्या आशियाचे चोर ऑस्ट्रेलियात राहायला जातात.

राउटरच्या पाठीवर एक सोनेरी चकती चिकटवलेली दिसली. जत्रेच्या फेरीत तीनशे रुपयांना घेतलेली. लहरी अडवते आणि हॅकरही अडवते, असे विकणाऱ्याने सांगितले होते. भाई, ती लहरी अडवत असती तर खोलीतला टीव्ही चालला असता का? त्याच जातीची दुसरी गोष्ट म्हणजे "तुमचा आयपी उघडा पडला आहे!" अशी लाल अक्षरांतली जाहिरात. आयपी उघडाच असतो. परतीचा पत्ता नसेल तर उत्तर कुठे येणार? पोस्टमनला घर माहीत आहे म्हणून कोणी पोलिसांत जात नाही.

पण सातवा फोन कोणाचा, हे अजून राहिलेच होते. काळ्या खिडकीत 'पिंग -टी' ही "आहेस का?" असे पुन्हा पुन्हा विचारणारी आज्ञा आणि पुढे तो पत्ता टाकला. दर सेकंदाला उत्तर यायला लागले. मग घरातल्या एकेका फोनचे वाय-फाय बंद करत गेलो. (झोपलेला फोन कधीकधी उत्तरच देत नाही, म्हणून पडदे चालू ठेवायचे.) वहिनींचा बंद केला, उत्तरे चालूच. भाई दाराच्या दिशेने बघू लागले. एखादा परकाच निघाला असता तर वाय-फायचा पासवर्ड बदलून तो बाहेर गेला असता, आणि राउटरच्या पानाचा पासवर्डही त्याच बैठकीत बदलला असता.

"आता तुमचा," मी म्हटले.

"म्हजो कित्याक? तो वहीत आहे. त्याचा पत्ता वेगळा."

तरी बंद केला. दोन ओळी आल्या आणि उत्तरे थांबली. पुन्हा चालू केला, पुन्हा सुरू.

वहिनींनी आतून विचारले, "नातवाने नाव बदलले त्याचे काही असेल का?" चवथीला पुण्याहून आलेल्या नातवाने वाय-फायचे नाव बदलून 'मोरया' केले होते. फोनच्या लेखी नवे नाव म्हणजे नवे वाय-फाय. त्याने नवा यंत्र-पत्ता बनवला, राउटरने नवखा समजून नवा आयपी दिला, आणि वहीतला जुना भाई नाहीसा झाला.

भाईंनी वही काढली. जुन्या ओळीवर पट्टीने रेघ मारली, खाली १९२.१६८.१.७ लिहिले, समोर ५ए लिहिले, आणि नावाच्या रकान्यात थोडा विचार करून कोंकणीतला 'मी' लिहिला, "हांव".