मगो पक्षाच्या चढउताराचे गणित

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यातील मतदारांनी जनमत कौल दिला. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे राहायचे, एवढाच प्रश्न होता. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरोधात १,७२,१९१ मते पडली आणि ३४,०२१ मतांच्या फरकाने गोव्याचे वेगळेपण कायम राहिले. विलीनीकरण हेच जीवितकार्य मानून १९६३ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचा, म्हणजे मगो पक्षाचा, हा मूळ मुद्द्यावरचा पराभव होता. मात्र त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत, २८ मार्च रोजी, विधानसभेची निवडणूक झाली आणि तीत याच पक्षाने ३० पैकी १६ जागा जिंकल्या. कौल निःपक्षपातीपणे घेता यावा यासाठी ज्यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला होता, ते दयानंद बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले.

याचे स्पष्टीकरण बहुधा मतदारांच्या मनात शोधले जाते. लोकांना विलीनीकरण नको होते, पण भाऊसाहेब बांदोडकर हवे होते, असे सांगितले जाते. त्यात तथ्य नाही असे नाही, कारण खेडोपाडी निघालेल्या शाळा आणि कुळांच्या बाजूचे कायदे यांमुळे त्यांना मानणारा वर्ग मोठा होता. पण आकडे शेजारी ठेवून पाहिले, तर हे स्पष्टीकरण अपुरे पडते. कौलात विलीनीकरणाला वैध मतांपैकी सुमारे साडेचव्वेचाळीस टक्के मते मिळाली होती, तर मार्चमध्ये मगो पक्षाला सुमारे ४० टक्के. म्हणजे पक्षाच्या मतांचा वाटा कौलातील पाठिंब्यापेक्षा कमीच होता, आणि तरीही कौल हरला व निवडणूक जिंकली. दोन निकालांमधला मोठा फरक मते मोजण्याच्या पद्धतीचा होता.

जनमत कौलात सगळ्या गोव्याची मते एकत्र मोजली गेली. विधानसभेत मात्र प्रत्येक मतदारसंघाची मोजणी वेगळी होते आणि तेथे ज्याला सर्वाधिक मते, तो निवडून येतो. जिंकण्यासाठी लागतात त्याहून जास्त मिळालेली मते आणि हरलेल्या उमेदवाराला मिळालेली मते, या दोन्हींचा जागांच्या हिशेबात उपयोग होत नाही. शंभर-शंभर मतदारांचे तीन मतदारसंघ कल्पावेत. पहिल्या पक्षाला त्यांत ५२, ५२ आणि १० मते पडली आणि दुसऱ्याला ४८, ४८ आणि ९०. दुसऱ्याची एकूण मते १८६ आणि पहिल्याची ११४, तरी तीनपैकी दोन जागा पहिल्याच्या. दुसऱ्या पक्षाच्या पाठीशी लोक जास्त आहेत. ते एकाच ठिकाणी दाटले आहेत, एवढेच त्याचे दुर्दैव.

गोव्याची तेव्हाची राजकीय भूमिती पुष्कळशी अशीच होती. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकातच घेतलेल्या तिसवाडी, बार्देश आणि सालसेत या जुन्या काबिजादी, आणि अठराव्या शतकात त्यांच्या ताब्यात आलेल्या पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण या नव्या काबिजादी. जुन्या काबिजादींत ख्रिस्ती वस्ती मोठी होती आणि नव्यांत हिंदू बहुजन समाजाची बहुसंख्या. विलीनीकरणाच्या विरोधातील मते सालसेतमध्ये प्रचंड संख्येने एकवटली होती. डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पार्टीला, म्हणजे युगो पक्षाला, सालसेतमध्ये मिळणारे भरघोस मताधिक्य कौलात पूर्णपणे उपयोगी पडले. विधानसभेत मात्र जागा पाचशे मतांनी जिंकली काय किंवा पाच हजारांनी जिंकली काय, आमदार एकच. कौलातील ३४ हजारांची आघाडी सगळ्या मतदारसंघांत सारखी वाटली गेली असती, तर विलीनीकरण-विरोधकांना प्रत्येक ठिकाणी हजार-बाराशे मतांची आघाडी मिळाली असती आणि दोन्ही बाजूंनी तशीच मते पडली असती तर मगो पक्षाचा एकही आमदार निवडून आला नसता. मगोचा विजय मतदारांच्या वस्तीच्या नकाशावर उभा होता, हे यावरून स्पष्ट व्हावे.

मतांचे रूपांतर जागांमध्ये कसे होते, याचा अभ्यास जुना आहे. जेम्स पार्कर स्मिथ यांनी १९०९ मध्ये ब्रिटनच्या शाही आयोगापुढे एक सूत्र मांडले होते, आणि १९५० मध्ये केंडल व स्टुअर्ट या संख्याशास्त्रज्ञांनी त्याची गणिती चिकित्सा केली. दोन प्रमुख पक्षांच्या मतांचे जे गुणोत्तर असेल, त्याच्या घनाइतके त्यांच्या जागांचे गुणोत्तर असते, असे हे सूत्र सांगते. मार्च १९६७ मध्ये मगोला सुमारे ४० आणि युगोला सुमारे ३८ टक्के मते होती. गुणोत्तर १.०५, त्याचा घन १.१६. दोघांच्या मिळून २८ जागा या प्रमाणात वाटल्या, तर १५ आणि १३ येतात. प्रत्यक्षात १६ आणि १२ आल्या. एवढ्या लहान विधानसभेत हा मेळ वाईट नाही, पण त्यावर फार विसंबूही नये. घनाचे सूत्र लागू पडण्यासाठी पुष्कळ मतदारसंघ अटीतटीचे असावे लागतात, म्हणजे मग थोडीशी मते इकडची तिकडे झाली की जागांचा लोंढा फिरतो. गोव्यात तशी स्थिती नव्हती. १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत मगो आणि मित्रपक्षाच्या १६ व युगोच्या १२ जागा होत्या, आणि १९६७ मध्ये, मध्ये एवढा वादळी कौल होऊनही, आकडे पुन्हा १६ आणि १२ च. १९७२ मध्ये १८ आणि १०. दोन्हीकडचे बालेकिल्ले इतके पक्के होते, की हलण्याजोग्या जागा मोजक्याच उरल्या होत्या.

हे बालेकिल्ले पक्के का होते, याचे उत्तर समाजशास्त्राकडे आहे. सिमॉर लिपसेट आणि स्टाइन रोक्कान यांनी योगायोगाने त्याच १९६७ साली मांडलेला सिद्धान्त असा, की पक्ष हे समाजातील जुन्या भेगांवर उभे राहतात: धर्म, जमीन, भाषा, केंद्र आणि परिघ. युरोपातील अनेक देशांत या भेगा एकमेकींना छेदत जातात. कामगार असलेला माणूस कॅथलिकही असतो आणि दोन पक्ष त्याला दोन दिशांनी ओढतात. साठच्या दशकातील गोव्यात मात्र त्या पुष्कळ अंशी एकमेकींवर बसल्या होत्या. भाटकार (जमीनमालक) आणि मुंडकार (त्याच्या जमिनीवर घर करून राहणारा), कोकणी आणि मराठी, ख्रिस्ती आणि हिंदू, वेगळेपण आणि विलीनीकरण, जुन्या काबिजादी आणि नव्या काबिजादी या सगळ्या रेषा बऱ्याच ठिकाणी एकाच जागेवरून जात होत्या. अपवाद होतेच. विलीनीकरणाच्या विरोधात ठामपणे उभे राहिलेले हिंदू लेखक, पत्रकार आणि मतदार नसते, तर कौलाचा निकाल वेगळा लागला असता, आणि त्यांचे श्रेय कोणी पुसू नये. तरीही पेडण्यातील एखाद्या मुंडकाराला सिंह या निशाणीवर शिक्का मारण्यासाठी एक नव्हे, तीन-चार कारणे एकाच वेळी मिळत होती, आणि मगो पक्षाचे खरे बळ त्यात होते.

पुढची वीस वर्षे ही कारणे एकेक करून सुटत गेली. विलीनीकरणाचा प्रश्न कौलाने मिटवला. कूळ कायदा आणि मुंडकार कायदा खुद्द मगो सरकारांनीच केले; शशिकला काकोडकर मुख्यमंत्री असताना सत्तरच्या दशकात या कामाला मोठी गती मिळाली. ज्या अन्यायाविरुद्ध पक्ष उभा राहिला, तो कमी करण्यात पक्षाला आलेले यश त्याच्याच मतांची धार बोथट करते, ही बाब मला या कहाणीत सर्वांत विचार करण्याजोगी वाटते. त्या यशाचे मोल त्यामुळे कमी होत नाही. कुळाला जमीन मिळाली, ही गोष्ट कोणत्याही निवडणुकीपेक्षा मोठी आहे. पुढे फेब्रुवारी १९८७ मध्ये राजभाषा कायदा झाला आणि ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाले. दरम्यान १९७७ मध्ये १५ जागांवर आलेला पक्ष १९८० मध्ये ७ वर घसरला, आणि युगोच्या जागी काँग्रेस हा मोठा पक्ष म्हणून पुढे आला. १९८९ मध्ये ४० जणांच्या नव्या विधानसभेत काँग्रेसच्या २० आणि मगोच्या १८ जागा आल्या, पण ही शेवटची मोठी उसळी ठरली.

१९९४ मध्ये मगोने भारतीय जनता पक्षाशी युती केली. मगोला १२ आणि भाजपला ४ जागा मिळाल्या, म्हणजे थोरला भाऊ कोण याविषयी तेव्हा शंका नव्हती. पाच वर्षांनी, १९९९ मध्ये, भाजप १० वर गेला आणि मगो ४ वर आला. २००२ मध्ये भाजप १७ आणि मगो २. राज्यशास्त्रज्ञ मॉरिस द्युव्हर्जे यांनी एका जागेसाठी सर्वाधिक मतांच्या पद्धतीचे दोन परिणाम सांगितले आहेत. पहिला यांत्रिक, म्हणजे तिसऱ्या पक्षाची मते जागांत उतरत नाहीत. दुसरा मानसिक, म्हणजे आपले मत वाया जाणार हे ओळखून मतदारच त्या पक्षापासून दूर होतो. युतीत जागावाटप झाले, की काही मतदारसंघांत पक्षाची निशाणी मतपत्रिकेवरून नाहीशी होते. तेथील कार्यकर्ता मित्रपक्षाच्या प्रचाराला जुंपला जातो, मतदाराचा हात दुसऱ्या निशाणीकडे वळतो, आणि युती मोडल्यावर तो परत येईलच असे नसते. दोघांचा मतदारवर्ग एकच असेल तर ज्या पक्षामागे देशव्यापी संघटना आहे, त्याच्याकडे तो सरकण्याची शक्यता अधिक. बहुजन हिंदू मतदार हा मगोचा पाया होता आणि भाजपलाही नेमका तोच हवा होता.

येथून पुढे पक्षाचे बळ जागांच्या संख्येवरून मोजणे फसवे ठरते. विधानसभेत खऱ्या अर्थाने किती पक्ष आहेत, हे मोजण्यासाठी मार्कू लाक्सो आणि राइन तागेपेरा यांनी १९७९ मध्ये एक सोपे माप दिले. प्रत्येक पक्षाच्या जागांच्या वाट्याचा वर्ग करायचा, सगळ्या वर्गांची बेरीज करायची आणि त्या बेरजेने एकाला भागायचे. अपक्षांना प्रत्येकी एक पक्ष धरून १९६७ च्या गोवा विधानसभेसाठी हे उत्तर २.२ येते आणि २०१७ च्या विधानसभेसाठी ३.३. दोन पक्षांच्या सभागृहात तीन आमदारांचा पक्ष बहुधा प्रेक्षक असतो. तीनाहून अधिक पक्षांच्या सभागृहात तो किल्ली होऊ शकतो.

मगो पक्षाने हे दोन्ही अनुभव एकाच आकड्यावर घेतले. २०१२ मध्ये त्याचे ३ आमदार होते आणि मित्रपक्ष भाजपचे २१, म्हणजे चाळीसांत नेमके बहुमत. निव्वळ गणिताने पाहिले तर सरकार टिकवण्यासाठी मगोची गरज नव्हती. २०१७ मध्ये मगोचे पुन्हा ३ च आमदार होते, पण काँग्रेस १७ आणि भाजप १३ वर थांबली होती. त्या वर्षी मतांमध्ये भाजप काँग्रेसच्या पुढे होता आणि जागांमध्ये मागे, हाही मतांच्या विखुरण्याचाच खेळ. मनोहर पर्रीकर यांनी विश्वासदर्शक ठराव २२ विरुद्ध १६ मतांनी जिंकला, तेव्हा त्या बावीसांत मगोचे तीन होते आणि ते काढून घेतले असते तर एकोणीसच उरले असते, म्हणजे चाळीसांच्या सभागृहात बहुमतापेक्षा कमी. १९५४ मध्ये लॉइड शॅप्ली आणि मार्टिन शूबिक यांनी सत्तेचे वजन मोजण्याची जी रीत सांगितली, तिचे मर्म हेच आहे: एखाद्या गटाचे महत्त्व त्याच्या डोक्यांच्या संख्येवर ठरत नाही, किती जुळण्यांत त्याच्या येण्याने हरणारी बाजू जिंकणारी होते, यावर ठरते.

२०२२ मध्ये मगोला सुमारे साडेसात टक्के मते आणि २ जागा मिळाल्या. त्याच निवडणुकीत नव्याने उतरलेल्या रिव्होल्युशनरी गोवन्स पक्षाला सुमारे साडेनऊ टक्के मते मिळूनही एकच जागा आली, कारण त्यांची मते राज्यभर पसरलेली होती आणि मगोची थोड्या ठिकाणी घट्ट होती. गोव्यातील मतदारसंघ तेव्हा सरासरी एकोणतीस हजार मतदारांचा, म्हणजे महाराष्ट्रातील मतदारसंघाच्या मानाने अगदी लहान. तेथे शेकड्यांच्या फरकाने आमदार ठरतो. मांद्रे येथे मगोचा उमेदवार ७१५ मतांनी जिंकला. भाजपने उमेदवारी नाकारल्यामुळे माजी मुख्यमंत्री लक्ष्मीकांत पार्सेकर तेथे अपक्ष उभे होते आणि त्यांना या फरकाच्या कितीतरी पट मते पडली. मगोचा हा विजय स्वतःच्या मतांइतकाच प्रतिस्पर्ध्याच्या फुटलेल्या मतांचा होता, असे म्हणणे भाग आहे.

आणखी एक आकडा लहान पक्षांच्या नशिबाशी थेट बांधलेला आहे. पक्षांतरबंदी कायद्यानुसार विधिमंडळ पक्षाच्या दोन तृतीयांश सदस्यांनी दुसऱ्या पक्षात विलीन व्हायचे ठरवले, तर त्यांची आमदारकी जात नाही. शंभर आमदारांच्या पक्षात त्यासाठी सदुसष्ट जण लागतात. तीन आमदारांच्या पक्षात फक्त दोन. मार्च २०१९ मध्ये मगोच्या तिघांपैकी दोघे असेच भाजपमध्ये गेले आणि ११ टक्क्यांहून अधिक मतदारांनी निवडलेला पक्ष सभागृहात एका आमदारावर आला. आता पक्षाचे दोन आमदार आहेत. दोनाचे दोन तृतीयांश एकाहून अधिक होतात, त्यामुळे या तरतुदीचा आधार घेऊन त्यांतला एकटा बाहेर पडू शकत नाही. जायचे तर दोघांना मिळूनच जावे लागेल.