क्योतोच्या मंदिरातली मेजवानी : पार्श्वभूमी

आंतरराष्ट्रीय परिषदेची सांगता हॉटेलच्या हॉलमध्ये न करता एखाद्या जुन्या बौद्ध मंदिराच्या आवारात जेवण ठेवून करायची, ही प्रथा जपानच्या क्योतो शहरात आता चांगली रुळली आहे. तिला प्राचीन परंपरेचा मुलामा दिला जातो, पण तिची खरी मुळे अलीकडची आहेत आणि ती पैशाच्या भांडणात आहेत.

1868 च्या मेजी सत्तांतरानंतर बौद्ध मंदिरांचा राजाश्रय गेला, पुढे जमिनीही मोठ्या प्रमाणावर सरकारजमा झाल्या. बाहेरून येणाऱ्या माणसाच्या पैशावर अवलंबून राहणे तेव्हापासून वाढत गेले. जानेवारी 1949 मध्ये होर्यूजी या प्राचीन मंदिराची भित्तिचित्रे आगीत होरपळली आणि पुढच्या वर्षी सांस्कृतिक वारशाच्या संरक्षणाचा कायदा आला. तो संमत होऊन दोन महिनेही झाले नव्हते, तोच क्योतोचे किंकाकुजी हे सुवर्णमंदिर जळून खाक झाले. जपणूक म्हणजे आधी आगीपासून राखणे, हे समीकरण तिथेच पक्के झाले.

पण आजच्या मेजवानीचे कोडे समजायला 1985 साल पाहावे लागते. त्या जुलैत शहराच्या पालिकेने नामांकित मंदिरांत येणाऱ्या प्रत्येक प्रौढामागे 50 येन कर लावला, आणि तो वसूल करायचा मंदिरांनी. असे कर 1956 आणि 1964 मध्येही लागले होते. पुन्हा लावणार नाही असे लेखी आश्वासनही दिले गेले होते. ते मोडले, म्हणून मंदिरे चिडली. आमच्याकडे माणूस दर्शनाला येतो, त्याने दिलेले पैसे हे दान आहे, ही त्यांची बाजू. न्यायालयाने आधीच सांगून टाकले होते की कर श्रद्धेवर नाही, वारसा पाहण्याच्या कृतीवर आहे. मग किंकाकुजी, गिंकाकुजी, कियोमिझुदेरा अशा मंदिरांनी पर्यटकांना दारेच बंद केली. हॉटेले आणि दुकानदार हवालदिल झाले. अखेर मार्च 1988 मध्ये कर गेला. मंदिरे जिंकली, असे म्हणायला हरकत नाही.

त्या विजयाची अडचण आता जाणवते. प्रवेशाचे पैसे करमुक्त राहिले ते धर्मकार्य म्हणून. समारंभासाठी जागा भाड्याने देणे मात्र जपानी करकायद्यात व्यवसाय ठरते. म्हणजे त्याच अंगणात दिवसा दान आणि रात्री धंदा! मंदिरे यावर फारसे बोलत नाहीत, हे समजण्यासारखे आहे.

सरकारचे वारे मात्र उलट फिरले. 2018 मध्ये वारसा-संरक्षणाचा कायदा सुधारला आणि जपणुकीच्या जोडीला ‘वापर’ हा हेतू ठळक झाला. एप्रिल 2019 पासून तो लागू झाला. त्याच महिन्यात पॅरिसचे नोत्र दाम पेटले आणि ऑक्टोबरात ओकिनावाचा शुरी किल्ला. त्यामुळे वारसा वास्तूत चूल पेटवण्याचा प्रश्नच येत नाही. जेवण बाहेरून तयार होऊन येते.

ते जेवण मंदिराचे असतेच असे नाही. भिक्षूंचा मूळ आहार शोजिन, त्यात मांस-मासे नाहीत आणि आपल्या चातुर्मासासारखे कांदा-लसूणही नाही. पण 1872 पासून भिक्षूंच्या मांसाहारावर सरकारी बंदी उरलेली नाही, मग पाहुण्यांना कोण अडवणार? नेहमीच्या क्योतो जेवणाच्या रश्शात सुक्या बोनितो माशाचा अर्क असतो. भारतीय शाकाहारी प्रतिनिधींसाठी ‘शोजिन’ असा शब्द लिहून आधीच कळवणे बरे; मंदिर आहे म्हणजे शाकाहारी असणारच, हा भरवसा धरू नये.