इंधनघटावर चालणारी जहाजे

इंधन न जाळता रासायनिक क्रियेतून थेट वीज तयार करायची आणि त्या विजेच्या मोटरने जहाजाचा पंखा फिरवायचा, अशी ही इंधनघटाची (फ्युएल सेल) पद्धत आहे. घटाच्या एका बाजूस हायड्रोजन, दुसऱ्या बाजूस हवा आणि मध्ये पातळ पटल असते. प्लॅटिनमच्या थरावर हायड्रोजनचे प्रोटॉन व इलेक्ट्रॉन सुटे होतात. प्रोटॉन पटलातून पार जातात, इलेक्ट्रॉन तारेतून फिरून येतात, तीच वीज. शेवटी पाणी उरते. भार असताना एका घटाचा विद्युतदाब जेमतेम ०.७ व्होल्ट असल्याने शेकडो घट एकावर एक रचावे लागतात. हे तत्त्व विल्यम ग्रोव्ह यांनी १८३९ च्या सुमारास दाखवले.

खरी अडचण साठवणीची आहे. हायड्रोजन द्रवरूपात ठेवण्यासाठी उणे २५३ अंश सेल्सिअस तापमान लागते आणि तरीही तेवढ्याच ऊर्जेला डिझेलच्या सुमारे चौपट जागा व्यापली जाते. म्हणून आजवरची उदाहरणे मुख्यतः फेरीबोटींची आहेत: नॉर्वेची ‘हायड्रा’ द्रव हायड्रोजनवर चालते. कोचीन शिपयार्डने बांधलेल्या भारतीय फेरीबोटीचे उद्घाटन फेब्रुवारी २०२४ मध्ये झाले. तिचा घट पुण्याच्या केपीआयटी कंपनीचा आहे. पाणबुड्यांसाठी अंबरनाथच्या नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळेनेही घट विकसित केला आहे.

कोल्हापूर जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही, पण हा विषय इथल्या कारखान्यांपासून दूर नाही. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्रींत इंजिनांचे ब्लॉक आणि हेड ओतले जातात. इंधनघटाला सिलिंडर नसतो, पिस्टन नसतो. त्यामुळे ही मागणी घटू शकते. पंप, व्हॉल्व्ह, मोटरची कवचे मात्र लागतीलच. ओतकामातले कसब तिकडे वळवण्याचा विचार आत्ताच व्हायला हवा.

इंधन कोठून आले, यावर कार्बनची बचत ठरते. नैसर्गिक वायूपासून १ किलो हायड्रोजन करताना साधारण ९ ते १० किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. बोट स्वच्छ, पण धूर कारखान्यात. उसाच्या चिपाडापासून वायूकरणाने (कमी हवेत तापवून त्याचा वायू करून) हायड्रोजन किंवा मेथॅनॉल करता येते. मात्र इथले साखर कारखाने चिपाड बॉयलरमध्ये जाळून स्वतःची वाफ व सहवीज काढतात, त्यामुळे उरलेले चिपाडच यासाठी हाती येईल. घाट उतरून कोकणातल्या बंदरापर्यंत न्यायला मेथॅनॉल सोयीचे, कारण ते नेहमीच्या तापमानाला द्रव असते आणि जहाजावरच त्यातून हायड्रोजन काढून घटाला देता येतो.